न गळणारे तीन नळ

कल्पना करा, तुम्ही हॉटेलच्या काउंटरमागे उभे आहात. पहाटेचे पाच वाजून वीस मिनिटं झालीत. समोरचं काचेचं दार आपोआप सरकतं आणि एकदम चौदा माणसं आत येतात. रात्रभर विमानात बसून परदेशातून आलेली. कुणाच्या बुटांच्या नाड्या सुटल्यात, कारण पाय सुजलेत. कुणाच्या गालावर खिडकीच्या कडेचा वळ उठलाय. एकीच्या कडेवर तापलेलं मूल आहे. प्रत्येकाच्या हातात पासपोर्ट आहे आणि प्रत्येकाला एकच गोष्ट हवी आहे, पाठ टेकायला जागा. तुमच्याकडे तयार खोल्या आहेत तीन. बाकीच्या खोल्यांत आदल्या रात्रीचे लोक अजून घोरतायत, आणि नियमाप्रमाणे खोली ताब्यात द्यायची वेळ आहे दुपारी दोनची.

द्या बघू, कुणाला देताय.

मी स्वतःला हे विचारून पाहिलं. मी घाबरून सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्याच्या हातात पहिली किल्ली ठेवली असती. थोरली एकोणीस वर्षं हे काम करत होती, आणि ओरडणाऱ्याला तिनं कधीच पहिली किल्ली दिली नाही.

"ओरडतोय म्हणजे अंगात जीव आहे," ती सांगायची. "त्याला टॉवेल द्यायचा आणि व्यायामशाळेच्या मागची न्हाणी दाखवायची. डोक्यावरून गरम पाणी गेलं की माणूस परत माणसात येतो. लक्ष ठेवायचं ते गप्प बसलेल्यावर. कोसळतो तो गप्प बसलेला."

थोरली हे काही तिचं कागदोपत्री नाव नाही. पण हॉटेलात तिला दुसऱ्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. तिची धाकटी जाऊ त्याच हॉटेलात कामाला आहे म्हणून ही थोरली आणि ती धाकटी. थोरली स्वागताच्या काउंटरवर, तर धाकटी खोल्या आवरणाऱ्या बायकांवर देखरेखीला. अकरा वर्षांपूर्वी थोरलीनंच तिला इथं चिकटवलं. दोघी एकाच इमारतीत राहतात, थोरली पहिल्या मजल्यावर सासूबाईंसोबत आणि धाकटी दुसऱ्यावर. दोघी एकाच गाडीनं पहाटे चारला कामावर यायच्या आणि दुपारी बाराला एकाच गाडीनं घरी जायच्या. नवीन आलेला कुणीही आठवड्याभरात दोन वाक्यं शिकायचा, "थोरलीला विचारा" आणि "धाकटीला सांगा."

थोरलीचं काम बघायला मजा यायची, असं सगळेच सांगतात. समोर आलेल्या माणसाला ती पहिल्यांदा नाव विचारत नसे. ती विचारायची, "तुमच्या अंगात आत्ता किती वाजलेत?" माणूस आधी बावचळायचा, मग बोटांवर मोजायचा आणि हसून म्हणायचा, "रात्रीचे अकरा." म्हणजे ह्याला झोप हवी. दुसरा म्हणायचा, "दुपारचा एक." म्हणजे ह्याला भूक लागलीय, ह्याला खोली नंतर दिली तरी चालेल. एवढ्या एका प्रश्नात तिची अर्धी रांग मार्गी लागायची.

"थोड्या वेळात" हे शब्द तिनं काउंटरवर बंदच करून टाकले होते. ती नेहमी आकडा सांगायची. सात चाळीस. आठ दहा. "रात्रीतून ज्याचं घड्याळ चारदा बदललंय त्याला 'थोड्या वेळात' म्हणजे शिवी वाटते. आकडा दिला की तो त्याला धरून बसतो," असं तिचं म्हणणं. आणि सात चाळीस सांगितलं की सात चाळीसला ती किल्ली घेऊन त्या माणसाच्या खुर्चीपाशी उभी असायची. त्याला उठून काउंटरशी यायला लावायची नाही.

तारखांचा घोळ हा तिचा खास प्रांत. माणूस निघतो अकरा तारखेच्या रात्री, पोचतो बाराच्या पहाटे, आणि घाईत खोली राखून ठेवतो तेराची किंवा अकराची. अकराची असली तर मध्यरात्री कॉम्प्युटर त्याच्या नावापुढे 'आला नाही' असा शेरा मारून मोकळा होतो. थोरली चारला आली की पर्ससुद्धा खाली ठेवायच्या आधी ती 'आला नाही'ची यादी उघडायची आणि उतरणाऱ्या विमानांशी ताडून बघायची. "हे आलेच नाहीत असं नाही," ती रात्रपाळीच्या पोरांना सांगायची, "हे अजून हवेत आहेत."

आता त्या तीन खोल्यांकडे येते, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यामुळे घडलं.

आठ वर्षांपूर्वी हॉटेल सलग महिनाभर तुडुंब भरलेलं होतं. एके दिवशी पहाटे आलेले एक म्हातारे गृहस्थ लॉबीत दोन तास बसून होते आणि सात वाजता खुर्चीवरून सरळ पुढे कोसळले. कपाळाला खोक पडली. साहेब, म्हणजे तिथले मॅनेजर, तेव्हा नवे होते. ते भयंकर हादरले. त्यांनी थोरलीला मागच्या खोलीत बोलावलं. धाकटी तिथंच खोल्यांची यादी घेऊन उभी होती.

"उद्यापासून पहाटेसाठी तीन खोल्या बाजूला ठेवत चला," साहेब म्हणाले. "कशा ठेवायच्या ते तुमचं तुम्ही बघा."

"कॉम्प्युटर ठेवू देत नाही, साहेब," थोरली म्हणाली. "रिकामी दिसली की रात्री कुणीतरी घेतंच."

"मग त्याला सांगा खोली आजारी आहे म्हणून."

ह्यावर धाकटी फिस्सकन हसली. "काय झालंय म्हणून सांगू? सर्दी? नाक गळतंय?"

"नाक नाही, नळ," थोरली म्हणाली, आणि तिघंही हसले.

अशी ती युक्ती निघाली. खोली बंद ठेवायची तर कॉम्प्युटर कारण विचारतो आणि चारच कारणं दाखवतो. रंगकाम, एसी, फर्निचर, नळ. रंगकाम म्हटलं तर खोली तीन दिवस अडकते. एसी म्हटलं तर दुरुस्तीच्या कंपनीला आपोआप निरोप जातो आणि तासाभरात शिडी घेऊन माणूस हजर होतो. फर्निचरला साहेबांची सही लागते. नळापुढे मात्र कुणाचंच नाव जोडलेलं नव्हतं. थोरली रोज दुपारी घरी निघायच्या आधी नोंद करायची, 'नळ गळतो', आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी 'नळ दुरुस्त'. खोल्याही तिनं पारखून घेतल्या होत्या. दोनशे चौदा, तीनशे चौदा आणि चारशे चौदा, तिन्ही एकाखाली एक. मागच्या चौकाच्या बाजूला, लिफ्टच्या आवाजापासून लांब, सकाळचं ऊन पडद्यावर न येणाऱ्या. दिवसा झोपणाऱ्या माणसाला आणखी काय लागतं!

पाहुणे आपापल्या खोलीत हलले की धाकटी त्या खोल्या बारापर्यंत आवरून घ्यायची आणि पहाटे स्वतः जाऊन एकदा उघडायची. हवा खेळती करायची, पडदे ओढायची, पाण्याच्या बाटल्या ठेवायची. मग इंटरकॉमवरून काउंटरला फोन.

"जाऊबाई, सर्दी बरी झाली."

"तिघांची?"

"चारशे चौदा अजून शिंकतोय. उशीची खोळ राहिलीय. पाच मिनिटं द्या."

"चार देते."

"मोठी आली चार देणारी! काउंटरवर उभं राहायला काय जातंय?"

आठ वर्षं हे रोज. साहेब येता-जाता विचारायचे, "आज नळ किती गळाले?" आणि थोरली सांगायची, "तिन्ही, साहेब. एका नळात बाळंतीण आहे, हळू बोला."

मग हॉटेल एका मोठ्या कंपनीनं घेतलं. कंपनीचं मुख्य कार्यालय खूप लांब. तिथं बसलेल्या माणसांनी दुरुस्तीच्या सगळ्या नोंदी एकत्र करून तक्ता काढला. बाकी अख्ख्या हॉटेलच्या नळांच्या तक्रारी आठ वर्षांत नव्वदच्या घरात, आणि ह्या तीन खोल्यांच्या आठ हजारांच्या वर. त्यांनी निष्कर्ष काढला, की त्या भिंतीतली उभी पाइपलाइन कुजलेली आहे.

ह्यात मी आले. नळकामाच्या कंत्राटदाराकडे लागून मला दीड वर्ष झालं होतं आणि हे माझं पहिलं स्वतंत्र काम. एकाखाली एक तीन खोल्या, तिन्हींची एकच तक्रार. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानंही सांगितलं असतं, उभी लाइन बदला. मी ओल मोजायचं यंत्र आणि नकाशे घेऊन सकाळी साडेनऊला पोचले. पहाटेची गर्दी ओसरली होती. काउंटरवर चंदेरी केसांचा घट्ट अंबाडा घातलेली एक बाई सामानाच्या चिठ्ठ्या लावत होती.

"काय काम काढलंत?" तिनं माझ्या पेटीकडे बघत विचारलं.

"दोनशे चौदाची लाइन बघायची आहे. वरपर्यंत. गळते ना ती."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच," मी म्हटलं आणि कागद पुढे केला. "रोज म्हणताय."

तिच्या हातातली चिठ्ठी हातातच राहिली. मला वाटलं, बाईंना कामाचा व्याप आहे, आठवत नसेल.

ती लगेच साहेबांकडे गेली, हे मला नंतर कळलं. साहेबांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मी वर बोलतो. सगळं समजावून सांगतो. तुम्ही फक्त कुणाजवळ तोंड उघडू नका." म्हणून तिनं उघडलं नाही. दोन दिवस मी भिंतींना यंत्र लावत फिरत होते. यंत्र सगळीकडे 'कोरडं' दाखवत होतं, आणि मला वाटत होतं की यंत्रच बिघडलंय. ती मला चहा पाठवायची, बसायला स्टूल द्यायची. तिसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयातून हुकूम आला, भिंत फोडा.

चारशे चौदापासून खाली दोनशे चौदापर्यंत आम्ही न्हाणीघराच्या टाइल्स काढल्या आणि गिलावा फोडला. आत पाइप असा ठणठणीत कोरडा, की मी हात फिरवला तर बोटांना धूळ लागली. मी अहवालात लिहिलं, 'गळती नाही. पूर्वी कधी झाल्याची खूणही नाही.' दुसरं वाक्य लिहिताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

पुढच्या आठवड्यात मुख्य कार्यालयातून एक बाई चौकशीला आल्या. त्यांनी बैठकीची छोटी खोली घेतली आणि एकेकाला बोलवायला सुरुवात केली. सगळ्यात आधी साहेबांना. बाहेर येताना साहेब थोरलीकडे न बघता गेले, आणि तासाभरात सगळ्या हॉटेलला कळलं की साहेबांनी कानावर हात ठेवलेत. 'ह्या नोंदींची मला कल्पना नव्हती,' असं त्यांनी लिहून दिलं होतं.

थोरलीला राग आला, पण धक्का बसला नाही. "साहेब लोक असेच असतात," ती म्हणाली, "पाऊस पडायला लागला की छत्री आधी त्यांची उघडते." तिला भीती एकाच गोष्टीची होती, तिची पहाट जाईल. नोकरीवरून काढणार नाहीत असं चौकशीवाल्या बाईंनी आधीच सांगितलं होतं. पण खोट्या नोंदी आपल्या मनानं करणाऱ्या माणसाला काउंटरवर ठेवत नाहीत, हेही सांगितलं होतं. वरून सांगितलं म्हणून केल्या, हे सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. आणि साहेबांनी सांगितलं तेव्हा खोलीत तिसरं माणूस फक्त एकच होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीत थोरलीनं धाकटीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आज तुला बोलावतील. खोल्या आवरायला तू होतीस हे मी सांगणार नाही. नोंद माझी, बोट माझं. ते माझ्यावरच राहू दे."

"मग मला कशाला बोलावतायत?"

"त्या दिवशी तू तिथं होतीस म्हणून. तू एवढंच सांग, साहेबांनी सांगितलं होतं. एक वाक्य. पुढचं मी बघते."

"साहेब मग मला ठेवतील होय?"

"तुझ्या साहेबांना कोण ठेवतंय ते आधी बघ!"

धाकटीनं थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, "सांगीन. काळजी करू नका, ताई. मी काय तुम्हाला एकटीला सोडीन?"

थोरलीची पाळी अकरा वाजता आली. चौकशीवाल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी तिला पाणी दिलं, मग प्रश्न विचारले. ते प्रश्न आणि आपली उत्तरं थोरलीला अजून पाठ आहेत.

"कुणाच्या सांगण्यावरून केलंत?"

"साहेबांच्या."

"ऐकणारं कुणी?"

"माझी जाऊ होती."

"ह्या खोल्या आवरायचं कोण? पहाटे उघडायचं कोण?"

"मीच. मी एकटी."

"खोल्या कुणासाठी ठेवत होतात?"

"ज्याला गरज असेल त्याच्यासाठी."

"गरज आहे हे कोण ठरवायचं?"

"मी," थोरली म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला जाणवलं की हे कानाला बरं वाटत नाहीये. काउंटरवर तिनं हजारो वेळा जे केलं ते त्या छोट्या खोलीत सांगायला गेलं की संशयास्पद वाटत होतं. बुटांच्या नाड्या, गप्प बसणं, अंगातले किती वाजलेत, हे सगळं कागदावर कसं उतरवायचं? बाईंनी लिहिलं, 'स्वतः ठरवत असत.'

दोन दिवसांनी तिला परत बोलावलं. समोर एक कागद ठेवला आणि 'वाचले' म्हणून खाली सही करायला सांगितलं. धाकटीचा जबाब होता. तिच्याच अक्षरात. हे अक्षर थोरलीनं घरातल्या वाणसामानाच्या यादीत, सासूबाईंच्या औषधांच्या चिठ्ठीत, मुलांच्या वह्यांच्या वेष्टनांवर वर्षानुवर्षं पाहिलेलं. तो पोट सुटलेला 'ळ' दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नव्हतं.

तीनच वाक्यं होती. पहिलं, 'नळाच्या नोंदींबद्दल मला काही माहीत नव्हते.' दुसरं, 'साहेबांनी असे काही सांगितल्याचे मी ऐकलेले नाही.' आणि तिसरं, 'त्या तीन खोल्यांच्या किल्ल्या त्या स्वतःकडे ठेवत आणि पहाटे मला तिथे येऊ देत नसत.'

थोरलीनं कागद दोनदा वाचला. धाकटीला वाचवायला तिनं सांगितलेलं 'मी एकटी' हे खोटं धाकटीच्या तिसऱ्या वाक्यात असं चपखल बसलं होतं, की दोन्ही जबाब एकमेकांना साक्ष देत होते. केसानं गळा कापणं म्हणजे काय, हे तिला त्या टेबलाशी कळलं. कापणाऱ्याच्या हाती केस तिनं स्वतःच दिला होता.

"हे शेवटचं," ती बाईंना म्हणाली, "हे तुम्ही तिला विचारलं होतंत?"

बाईंनी फाइल चाळली. "नाही. प्रश्न दोनच होते. खाली जागा असते ना, 'आणखी काही सांगायचे असल्यास'. तिथं लिहिलंय त्यांनी."

"कुणी सोबत बसलं होतं तिच्या?"

"नाही. मी फोनवर होते. त्या एकट्याच बसून लिहीत होत्या."

थोरलीनं सही केली. वादही घातला नाही, रडलीही नाही. महिन्याअखेर तिला तळघरातल्या फोनच्या खोलीत हलवलं. दहा ते सहा. फोनवरून खोल्या राखून ठेवायच्या. हुद्दा तोच, खुर्ची उलट जास्त चांगली. तिथं फक्त माणूस दिसत नाही.

मी भिंत बंद करायला परत गेले, तेव्हा पाण्याचे मुख्य व्हॉल्व्ह त्या फोनच्या खोलीच्या शेजारीच असल्याचं कळलं. आत डोकावले तर ती.

"या इंजिनियर," ती म्हणाली. "आता काय कोरडं सापडलं?"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी माफी मागायला लागले. तिनं हात हलवला. "तू जे होतं ते लिहिलंस. तुझ्यावर राग धरून मी कुठं जाऊ? बस, फोन वाजेपर्यंत बस." टाइल्सचं काम पाच दिवस चाललं, आणि रोज थोडं थोडं असं तिनं मला हे सगळं सांगितलं. कधी मध्येच फोन घ्यायची. पलीकडच्या माणसाला विचारायची, "विमान कधी उतरतंय? मग तुम्ही सांगताय त्याच्या आदल्या तारखेची खोली लागेल, नीट बघा," आणि फोन ठेवून पुढचं वाक्य बरोबर तिथूनच उचलायची.

शेवटच्या दिवशी तिनं मला घरी नेलं. सासूबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. घरात कुणालाच काही माहीत नव्हतं. थोरलीनं सांगितलं होतं की वेळ बदलून मागितली, गुडघे दुखतात, पहाटे उभं राहवत नाही. खरं सांगितलं तर दोन भावांचं बोलणं तुटेल, आणि म्हातारीनं कुणाच्या घरात बसायचं?

पण म्हातारी कच्ची नव्हती. मला पाणी देऊन थोरली आत गेली तशी त्या मला म्हणाल्या, "माझ्या दोन्ही सुना भांडायच्या ना, तेव्हा मला शांत झोप लागायची. आता दोघी एवढं गोड बोलतात की धडकी भरते." मग आवाज चढवून आत ओरडल्या, "वरच्या मजल्यावर काय जळतंय गं? तुला माहीत असेल!"

"काही नाही, सासूबाई. चहा घ्या," आतून आवाज आला.

आम्ही जिन्यानं गच्चीवर चाललो होतो, तेवढ्यात धाकटी समोरून आली. हातात दुधाची पिशवी. गोल चेहरा, हसरी. तिनं मला ओळखलं नाही.

"झाला का चहा, ताई?"

"झाला. तुझा?"

"घेते आता."

एवढंच. गच्चीवर गेल्यावर थोरली म्हणाली, "जाऊबाई म्हणायचं बंद केलंय तिनं. त्या दिवसापासून फक्त ताई."

तिनं धाकटीला एकदा गाठलं होतं, इथंच, कपडे वाळत घालताना. सरळ विचारलं, सही का केलीस? धाकटी चिमटे लावत लावत म्हणाली, साहेबांनी सांगितलं, दोघींपैकी एकीलाच राहता येईल. आणि आमच्या ह्यांचं काम सुटलंय, पोरं अजून शिकतायत, हे तुम्हाला ठाऊक आहे. "ठाऊक आहे," थोरली म्हणाली. "मग विचारता कशाला?" असं म्हणून धाकटीनं बादली उचलली आणि ती खाली गेली. खरं विचारायचं ते राहूनच गेलं. त्यानंतर धाकटी कधी एकटी सापडली नाही. गच्चीवर आता ती मुलीला सोबत घेऊन येते.

थोरली गच्चीच्या कठड्याला टेकून उभी राहिली. अजून रोज सव्वातीनला जाग येते, तिनं सांगितलं. चारला खाली गाडीचा हॉर्न वाजतो, वरून चपलांचा आवाज उतरतो, आणि ती अंथरुणात पडून तो जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत ऐकते. तेव्हा तिला हा हिशेब लागत नाही.

"पहिली दोन वाक्यं साहेबांची," ती मला म्हणाली. "ती तिनं घाबरून लिहिली. मीही तिच्या जागी असते तर, कोण जाणे. ती मी सोडून दिली. पण तिसरं कुणी मागितलं नव्हतं."

मग तिला एक सकाळ आठवली. खरं तर ती तिला रोजच आठवते, आणि मला सांगताना जणू आत्ताच आठवल्यासारखं तिनं सांगितलं. चार वर्षांपूर्वी एक मुलगी वडिलांच्या आजारपणासाठी रात्रभर प्रवास करून आली होती. काउंटरवर उभी असतानाच तिला फोन आला की वडील गेले. थोरलीनं काउंटर दुसऱ्याच्या हवाली केला, तिला धरून तीनशे चौदात नेलं आणि शेजारी बसून राहिली. थोड्या वेळानं दार वाजलं. धाकटी होती, हातात टॉवेल आणि पाणी, डोळ्यांत पाणी. तिलाही खाली कळलं होतं. थोरलीनं तिच्या हातातून टॉवेल घेतले, म्हणाली, "तू आत येऊ नकोस. जा," आणि दार लावलं.

"एकदाच," ती म्हणाली. "आठ वर्षांत एकदाच. मी मुद्दाम काही केलं नाही. त्या पोरीला माणसांची गर्दी नको म्हणून. दुपारपर्यंत मी विसरूनही गेले. धाकटी त्यावर कधी चकार शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे फोनवर नेहमीसारखीच, जाऊबाई, सर्दी बरी झाली."

खाली सासूबाईंनी कुणाला तरी हाक मारली. दोघींपैकी कुणाला, ते कळलं नाही.

"मला फक्त एवढंच कळायला हवंय," थोरली म्हणाली. "ते तिसरं वाक्य तिला त्या मोकळ्या जागेसमोर बसल्यावर सुचलं, की मी ते दार लावलं तेव्हापासूनच तिच्याकडे तयार होतं?"